शब्दचर्चा : बदलता येणारी मूठ की बदलता येणारा दांडा?

दांडियाबाजार :
मी वडोदऱ्याचा. निवृत्तीनंतर गच्चीवर लहान लेथ (लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र) बसवलाय आणि लाकूड कातायचा नाद लागलाय. आमच्यासारख्या हौशी मंडळींसाठी मराठीत एक टिपण लिहितोय आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे.

कातायच्या हत्यारांना आता कायमची मूठ लागतेच असं नाही. पोलादाची नुसती गोल सळई येते, पुढे धार लावलेली. लाकडाचा एकच दांडा करायचा, त्याच्या तोंडात पितळेची किंवा ॲल्युमिनियमची नळी बसवायची आणि त्या नळीत आज खोलगट पटाशी, उद्या सपाट पटाशी असं काहीही घालून आडवे स्क्रू आवळायचे. याला काय म्हणावं? एका मित्राने 'आंतरबदलक्षम हस्तक' सुचवलं. ते वाचून मला डोळ्यांपुढे कुठल्यातरी पुढाऱ्याचा माणूस दिसायला लागला.

सावंतवाडीकर :
हस्तक नकोच! तो सध्या फक्त पोलिसांच्या बातम्यांत राहतो.

'इंटरचेंजेबल'चं नंतर पाहू, आधी मूठ की दांडा ते ठरवा. तलवारीला, सुरीला, विळ्याला, करवतीला मूठ. कुऱ्हाडीला, फावड्याला, कुदळीला, पळीला दांडा. छत्रीला दोन्ही असतात, आणि तिथेच फरक कळतो: हात जिथे धरतो ती मूठ, लांबी जी आहे तो दांडा. सुताराच्या पटाशीला मूठच म्हणतात, कारण ती मुठीत मावते आणि वरून ठोकायची असते. कातायच्या हत्याराला लांबी लागते, म्हणून माझं मत दांड्याला.

इंदूरी :
आमच्याकडे इंदुरात हिंदी मिस्त्री 'हत्था' म्हणतात, क्वचित 'बेंट'. घरात मराठी बोलणारेही कारखान्यात हत्थाच म्हणतात. पण फक्त लांबीवरून दांडा ठरतो का? बारीक कामाच्या हत्याराची मूठ वीतभरच असते.

सावंतवाडीकर :
लांबी शोभेची नाही, कामाची आहे म्हणून दांडा. वाडगा आतून कोरताना धार टेक्याच्या, म्हणजे लेथवर हत्यार टेकवायच्या पट्टीच्या, पुढे जाते. समजा धार टेक्यापासून १० सेंटीमीटर पुढे आहे आणि मागचा हात ४० सेंटीमीटर मागे. लाकूड धारेला जेवढ्या जोराने खाली दाबतं, त्याच्या चौथाई जोरात हात ते सांभाळतो. हात २० वर आणलात तर लगेच निम्मा जोर लागतो. कुऱ्हाडीच्या दांड्याची लांबीही कामाचीच, तिने घावाला वेग येतो. बारीक कामात धार टेक्याला चिकटूनच चालते, तिथे आखूड चालतं. त्याला खुशाल मूठ म्हणा.

रावपुरावाली :
काका, संखेडा इथून जवळ आहे, तिथे जाऊन ऐका. (२०१३ पासून ते छोटाउदेपूर जिल्ह्यात आहे, पण बडोद्याचे लोक अजून 'आपलं संखेडा' म्हणतात.) तिथले खरादी सुतार सागवान काततात, लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाने लाख वितळून बसते. ते गुजरातीत लेथला 'संघाडो' म्हणतात आणि मुठीला 'हाथो'. गुजरातीत कुऱ्हाडीलाही हाथोच, पटाशीलाही हाथोच. आपण म्हणतो 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ', ते नुसतं 'कुहाडीनो हाथो' म्हणतात. म्हणून बडोद्याच्या मराठीत 'हाथा' शिरला. माझ्या सासरी हातोडीचाही हाथाच तुटतो. पण मूठ आणि दांडा असे दोन शब्द मराठीत असताना टिपणात दोन्ही वापरा. एकावर भागवायची गरज काय?

दांडियाबाजार :
ताई, पटलं. लांब तो दांडा, आखूड ती मूठ. आता 'बदलता येणारा'चं काय? 'सुटा दांडा' कसा वाटतो?

इंदूरी :
अजिबात नको. 'दांडा सुटा झालाय' म्हणजे निसटलाय, हत्यार बाजूला ठेव! फिरत्या लाकडासमोर उभ्या माणसाला 'सुटा' हा शब्द ऐकवू नका. 'मोकळा'चंही तेच.

रावपुरावाली :
'बदलता दांडा' म्हटलं तर दांडा बदलतो असं वाटतं. इथे दांडा तोच, हत्यार बदलतं. 'अदलाबदलीचा दांडा' बरोबर आहे, पण बोलायला लांबलचक.

जुना फिटर :
चर्चा वाचतोय. शब्द बाजूला ठेवून वस्तू कशी धरते ते बघा, नाव तिथेच सापडेल.

जुन्या हत्याराला मागे निमुळतं टोक असतं. ते लाकडाच्या भोकात ठोकून बसवतात. टोक पाचरीसारखं काम करतं, म्हणून लाकूड चिरू नये यासाठी तोंडाशी शेंबी, म्हणजे धातूचं कडं, घालतात. (मुसळाला खाली जी लोखंडी कडी असते तिला वसवी म्हणतात. तीही लाकूड चिरू नये म्हणूनच, पण शब्द वेगळा, मिसळू नका.) हा झाला ठोकलेला दांडा.

नव्यात सळई सरळ आहे, पाचर नाही. पकड स्क्रूची. स्क्रूचा जोर धातूच्या नळीवर येतो, लाकडावर नाही. तरीही शेंबी घालाच, दांडा हातातून पडतोच कधी ना कधी. सळईवर कानशीने एक सपाट पट्टी काढली तर स्क्रू तिथे टेकतो आणि हत्यार फिरत नाही. हा स्क्रूचा दांडा. कारखान्यात पोरगा 'स्क्रूचा दांडा आण' म्हटलं की बरोबर वस्तू आणेल. अदलाबदली हा त्या दांड्याचा उपयोग आहे. आपण वस्तूला पकडीवरून नाव देतो: पेचाची बाटली, कडीचा डबा.

आणि दांडियाबाजारकाका, टिपणात हे जरूर लिहा: भोक आधी पाडायचं, बाहेरचा आकार नंतर कातायचा. भोकातच सेंटर (लेथचं लाकूड धरणारं टोक) टेकवून कातलं की भोक आणि दांडा एका रेषेत येतात. उलटं केलंत तर हत्यार तिरकं बसेल. दुसरं, अर्धा इंची सळई १२.७ मिलिमीटरची असते. तिला १३ चं भोक दिलं तर हत्यार खुळखुळतं. लाकूड धावड्याचं मिळालं तर उत्तम, नाहीतर बाभूळ किंवा शिसम. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, तो उगाच नाही.

सावंतवाडीकर :
'स्क्रूचा दांडा' आवडला. अर्ध्या इंचावरून एक भर. अमेरिकेत खोलगट पटाशीचं माप सळईच्या जाडीवर सांगतात, इंग्लंडमध्ये खोबणीच्या रुंदीवर. त्यामुळे विलायती अर्धा इंचीची सळई बहुधा पाच अष्टमांश इंच, म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर निघते. नळी करण्याआधी सळई मोजा, डब्यावरचा आकडा नाही.

रावपुरावाली :
बडोद्यात असा वाद व्हायलाच हवा. याच शहरात १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं, तिथे धंदेशिक्षण मातृभाषेतून द्यायचा आग्रह होता. पुढे १९३१ मध्ये सयाजीरावांच्या काळात कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला. कारभाराला आठ भाषांत शब्द मिळाले आणि इथे एका दांड्याला मराठीत नाव मिळेना.

दांडियाबाजार :
तर ठरलं. टिपणात 'ठोकलेला दांडा' आणि 'स्क्रूचा दांडा', आखूड हत्याराला 'स्क्रूची मूठ'. शेवटची शंका : स्क्रूला मळसूत्र लिहू का?

जुना फिटर :
मळसूत्र म्हणजे आटे. लिहायचं तर 'आट्यांचा दांडा' होईल, आणि वाचणारा दांड्यालाच आटे पाडेल. स्क्रूच लिहा. दुकानात एम-८ चे (८ मिलिमीटर जाडीचे) ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे स्क्रू, मागा आणि ते आवळायला ४ मिलिमीटरची ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, सोबत एक जास्तीची घ्या, ती भुशात हरवते.