पहिलं सिझर झालंय. दुसऱ्या वेळी तुम्हाला कुणी विचारलं होतं का?

माझं पहिलं सिझर २०१७ सालचं. बाळ पायाळू होतं, डॉक्टरांनी नीट समजावलं, आम्हाला पटलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हाची गोष्ट वेगळी. तिसऱ्या महिन्यातली पहिलीच तपासणी. फाईलच्या कोपऱ्यात लाल पेनाने 'आधीचं सिझर' असं लिहिलं गेलं आणि त्याच दमात, "तुमचं सिझरच, तारीख नंतर देऊ." मी विचारलं, नॉर्मलचा प्रयत्न करता येत नाही का? उत्तर आलं, "गर्भपिशवी फाटली तर जबाबदारी कोण घेणार?" एवढं ऐकल्यावर घरातलं कोण बोलणार? नवरा गप्प, आई गप्प. मीही गप्प बसून बाहेर आले.

पुढे शहरातच दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी अर्धा तास दिला. पिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा असेल, पहिल्या सिझरचं कारण या वेळी नसेल आणि कळा आपणहून आल्या, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साधारण ६० ते ८० जणींचं नॉर्मल होतं. टाक्यांची जागा उसवण्याचा धोका साधारण २०० बायकांत एकीला. "कमी आहे, पण आहे. आणि झालंच तर मिनिटांत पोट उघडावं लागतं, म्हणून कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही." सिझरची दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांवर रुजून बसण्याचा धोका वाढत जातो, आणि तशी वार सोडवताना रक्तस्राव भयंकर होतो. हे मला आधीच्या ठिकाणी कुणीच बोललं नव्हतं.

मी प्रयत्न करायचं ठरवलं. मे महिना, सोलापूरचं ऊन, चौदा तास कळा. मुलगी झाली, २ किलो ९००.

नॉर्मलच चांगलं असं ठरवायला मी हे लिहायला बसलेले नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर बाळंतपणांत २१ ते २२ सिझर होती, खासगी दवाखान्यांत ४७, सरकारी दवाखान्यांत १४. यांतल्या कितीतरी जणी दुसऱ्या वेळी त्याच खुर्चीत बसणार आहेत. तिथे त्यांना विचारलं जातं की फक्त सांगितलं जातं, ते मला ऐकायचंय. नॉर्मल झालेल्या, न झालेल्या, स्वतःहून सिझर मागितलेल्या, सगळ्यांनी लिहा. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं मात्र नकोत. तुमच्या नावाऐवजी वर फक्त भाग लिहिलात तरी चालेल.

विजापूर रोड

सातव्यात ओटीभरण झालं आणि मी पुण्याहून माहेरी आले. पुण्याच्या डॉक्टर प्रयत्नाला तयार होत्या, पण बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे पद्धत. इथे नव्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, आधीच्या ऑपरेशनचा कागद कुठाय? डिस्चार्ज कार्ड पावसात भिजून त्याचा लगदा झाला होता. मी म्हटलं, टाके आडवेच आहेत की, बघा. ते म्हणाले, "हे कातडीवरचे. आत पिशवीवर छेद कसा आहे ते यावरून कळत नाही. वरच्या भागात उभा असेल तर कळा देऊन चालणारच नाही." हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पहिला दवाखाना दुसऱ्या गावातला. बाबा तिथे दोन खेपा घालून आले. "जुनी फाईल सापडत नाही, नंतर या." माझा भाऊ वकिली करतो. तो म्हणाला, तोंडी मागू नकोस, लेखी अर्ज दे आणि पोच घे. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियमच आहे. अर्ज दिला, तिसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात. खालचा आडवा छेद. त्या कागदासाठी मी महिनाभर रडले होते.

आणि शेवटी कळा आल्याच नाहीत. ४१ आठवडे भरले. डॉक्टर म्हणाले, औषधाने कळा आणता येतील, पण टाके उसवण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. रात्रभर विचार करून मी सिझरला हो म्हटलं. या वेळी सही करण्याआधी मी कागद शेवटपर्यंत वाचला. भावाने २००८ चा समीरा कोहली खटलाही वाचून दाखवला होता. पर्याय काय, धोके काय, हे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय. सिझर दोन्ही वेळा झालं, पण दुसरं माझं होतं.

विडी घरकुल (मावशीने सांगितलं, मी लिहून काढलं)

मावशी विड्या वळते. पहिलं सिझर खासगीत झालं, कर्ज काढून. त्याचं तिला सगळ्यात काय आठवतं तर दोन महिने सूप मांडीवर घेता आलं नाही. विडी वळायला मांडी घालून, पुढं वाकून बसावं लागतं, आणि टाके ओढायचे. विड्या नाहीत तर मजुरी नाही.

दुसऱ्या वेळी सरकारी दवाखान्यात गेली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिथे नॉर्मल असो की सिझर, पैसे लागत नाहीत. नॉर्मलच झालं, तिसऱ्या दिवशी घरी आली. सगळे म्हणाले, नशीबवान. पण मी तिला वरचा प्रश्न वाचून दाखवला तर ती थांबली आणि म्हणाली, "मला पण कुणी विचारलंच नाही की गं. कळा यायलेत म्हटल्यावर खाटेवर झोपवलं. टाक्याजवळ दुखलं तर लगेच सांग, एवढं तरी कुणी बोलायचं होतं. मी सगळं दुखणं कळांचंच समजून गप्प पडले." माझी आई बाहेर उन्हात बसली होती, तिला आत सोडलं नाही.

न विचारता सिझर करणं आणि न विचारता नॉर्मलला ठेवणं यात मावशीला काही फरक वाटत नाही. मलाही नाही.

जुळे सोलापूर

मी नॉर्मलचा प्रयत्न केला. पिशवीचं तोंड सात सेंटिमीटरपर्यंत उघडलं. मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. वीस मिनिटांत सिझर, बाळ ठीक, मी ठीक. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं, म्हणून भूल देणारे डॉक्टर रात्री तिथेच थांबले होते. घरी आल्यावर मात्र बारशापर्यंत एकच ऐकलं, "नसता हट्ट केलास. दोन्हीकडून त्रास भोगलास." मी तो हट्ट पुन्हा करीन. फक्त त्या बारा दिवसांत एकाने तरी माझ्या बाजूने बोलायला हवं होतं.

निवृत्त परिचारिका, ३१ वर्षं प्रसूतिकक्षात

थोडं आतल्या बाजूचंही लिहिते.

लहान दवाखान्यात डॉक्टर एकच असतात. भूल देणारे बाहेरून बोलवायचे, रक्त पेढीतून आणायचं. रात्री दोन वाजता हे सगळं जमायला पाऊण तास सहज जातो. टाके उसवले तर बाळाकडे तेवढा वेळ नसतो. शिवाय अशा बाईजवळ कळा चालू असताना सतत कुणीतरी बसावं लागतं, ठोके बघत, नाडी बघत. एका सिस्टरकडे सहा खाटा असतील तर ते होत नाही. म्हणून एखादे डॉक्टर "आमच्याकडे सोय नाही" म्हणाले तर ते प्रामाणिक आहेत असं समजा आणि सोय कुठे आहे ते त्यांनाच विचारा. राग येतो तो "होऊच शकत नाही" म्हणणाऱ्यांचा. सोय नसणं आणि शक्य नसणं या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांतली खरी कोणती ते बाईला कळलंच पाहिजे.

पिशवी फाटलेली मी दोनदा पाहिली. एकीला बाहेर कुठेतरी कळांचं इंजेक्शन देऊन आमच्याकडे पाठवलं होतं, आधीचं सिझर असून. तिचं बाळ गेलं. दुसरीच्या वेळी आम्ही जवळ होतो, ठोके अचानक खाली आले, दोन कळांच्या मधेही टाक्यांच्या जागी दुखणं थांबेना. पळत नेलं, दोघं वाचली. म्हणून सांगते, नॉर्मलचा प्रयत्न करा, पण घरी नाही, आणि चिठ्ठीशिवाय कुणाचं इंजेक्शन घेऊन तर मुळीच नाही. पोटात मळमळलं तरी सांगा, लघवीत रक्त दिसलं तरी सांगा. सिस्टर वैतागली तर वैतागू दे.

नवी पेठ

मला डॉक्टर स्वतः म्हणाले, तुमचं नॉर्मल होण्याची शक्यता चांगली आहे. मी नको म्हटलं. पहिल्या वेळी सव्वीस तास कळा सोसून मग सिझर झालं होतं. त्या खोलीचा वास आजही आला की हात थंड पडतात. त्यांनी एकदाच विचारलं, नक्की ना? मग तारीख दिली. त्याच वेळी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही करून घेतलं. नात्यातल्या बायका म्हणाल्या, प्रयत्न तरी करायचास. हा धागा वाचणाऱ्यांनी तरी असं कुणाला म्हणू नका.

अक्कलकोट रोड

माझ्या सिझरची तारीख पंचांग बघून ठरली. ३७ आठवडे भरले आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्त. ३९ आठवड्यांआधी कारणाशिवाय सिझर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते, हे मला मुलगा चार दिवस काचेच्या पेटीत होता तेव्हा कळलं. आता सहा वर्षांचा आहे, दांडगा आहे. पण ते चार दिवस.

मोहोळ

मला चौतिसावा आठवडा चालू आहे. मोठा सोळा महिन्यांचा. त्याच्या वेळी कळा थांबल्या म्हणून सिझर झालं. मला प्रयत्न करायची फार इच्छा आहे, पण घरात विषय काढला की सासूबाई देवासमोर जाऊन बसतात. इथले डॉक्टर सोलापूरला जा म्हणतात. सोमवारी तिथे तपासणी आहे. काय विचारू?

(धागा सुरू करणारी)

मोहोळच्या ताई, पहिलं अंतराचं विचारा. दोन बाळंतपणांत अठरा महिन्यांपेक्षा कमी अंतर पडत असेल तर टाक्यांवर धोका वाढतो, आणि तुमचं नेमकं त्या काठावर आहे. हे ऐकून वाईट वाटेल, पण हा विषय डॉक्टरांनी काढण्याआधी तुम्हीच काढा. मग पहिल्या ऑपरेशनचा कागद दाखवून छेद कुठला ते विचारा. कळा थांबल्या तेव्हा पिशवीचं तोंड किती उघडलं होतं, तेही त्यात लिहिलेलं असतं. रात्री भूल देणारे डॉक्टर दवाखान्यात असतात की घरून येतात? रक्ताची सोय? कळांच्या वेळी सोबत कुणाला राहू देतात? आणि मोहोळहून गाडीने यायला तास लागतो, म्हणून शेवटचे पंधरा दिवस सोलापुरात कुणाकडे राहता येईल का ते आजच बघून ठेवा.

सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टर जे सांगतील ते त्यांनाही समोर बसून ऐकू दे. माझ्या आईने ऐकलं होतं, आणि चौदा तास तीच माझी पाठ चोळत बसली होती.

राहायची सोय नाही झाली तर मला कळवा. होटगी रोडला आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे.