अर्जंट मदत हवी: इंजिन ऑइल ५डब्ल्यू-४० टाकू का ५डब्ल्यू-३०? आणि फिल्टर पण वेगळाच आलाय

रिकामी_टाकी:
जुनं ऑइल काढून झालंय, ड्रेन बोल्ट परत लावलाय, गाडी रॅम्पवर उभी आहे आणि आता अडकलोय. प्लीज लवकर सांगा. माझ्याकडे ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिकचा सीलबंद कॅन आहे पण बॉनेटखालच्या स्टिकरवर आधीच्या मेकॅनिकने ५डब्ल्यू-३० लिहिलंय. ४० चालेल का नाही? दुसरं म्हणजे नवीन आणलेला फिल्टर जुन्यापेक्षा बुटका आहे, आटे मात्र बरोबर बसतात, हाताने फिरवून बघितला. लावून टाकू का? संध्याकाळी गाडी लागणारे. लेक्चर नको, हो किंवा नाही एवढंच सांगा.

डिपस्टिक:
कुठली गाडी? पेट्रोल का डिझेल? साल कुठलं? यातलं काहीच न सांगता हो-नाही कोण सांगणार दादा.

निवांत:
बिनधास्त टाका ४०. जुन्या गाडीला जरा जाड ऑइल कधीही चांगलं, मी वर्षानुवर्षं ४० च वापरतोय, इंजिनचा आवाज कमी होतो आणि ऑइल खाणंही कमी होतं. फिल्टर आटे बसले म्हणजे बसला.

पाना_पक्कड:
निवांतभाऊ, त्याने गाडी जुनी आहे असं म्हटलंय कुठे? आणि फिल्टरचं तर अजिबात पटत नाही, त्यावर नंतर येतो.

आधी आकडे. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंड इंजिनसाठी, तो दोन्हीकडे ५ च आहे, म्हणजे थंडीत गाडी सुरू होताना दोघांत फारसा फरक नाही. पलीकडचा आकडा १०० डिग्री सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा. ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. दोन्ही एकमेकांना लागूनच आहेत, त्यामुळे ३० च्या जागी ४० गेलं म्हणून इंजिन बसत नाही, कितीतरी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दोन्ही चालतात असंच लिहिलेलं असतं. पण २० साठी बनवलेल्या इंजिनात ४० ओतलं तर पंपावर विनाकारण लोड आणि मायलेजही कमी, त्यामुळे "जाड म्हणजे चांगलं" हे सरसकट म्हणू नका.

रिकामी_टाकी, कॅनच्या मागे बारीक अक्षरात जे लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. खरं उत्तर तिथे आहे, समोरच्या मोठ्या आकड्यात नाही.

मोटुलप्रेमी:
मोटुल टाका, प्रश्नच मिटला. मी दुसरं काही वापरतच नाही, इंजिन एकदम मख्खन.

रिकामी_टाकी:
टर्बो डिझेल आहे. मॉडेल मुद्दाम सांगत नाहीये, मागे एकदा कंपनीचं नाव घेतलं तर सगळा धागा त्या कंपनीवर भांडण्यातच गेला. कॅनवर एपीआय एसएन/सीएफ आणि त्याखाली एसीईए ए३/बी४ असं आहे. आता सांगा, हो का नाही?

तेजू_गिअर:
डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे का गाडीला?

रिकामी_टाकी:
म्हणजे सायलेन्सरमधली ती जाळी ना? आहे, डॅशबोर्डवर तिचा दिवा मधूनमधून लागतो. पण तिचा काय संबंध? ऑइल इंजिनात ओततोय, सायलेन्सरमध्ये नाही.

तेजू_गिअर:
सगळा संबंध तिथेच आहे दादा. आणि दिवा मधूनमधून लागतो हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.

कुठलंही इंजिन थोडंथोडं ऑइल जाळतंच, पिस्टनच्या रिंगच्या पलीकडे जातं, टर्बोतून जातं. ऑइलमध्ये कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस असलेले अ‍ॅडिटिव्ह असतात, ते जळले की राख उरते आणि ती थेट डीपीएफमध्ये जाऊन बसते. काजळी आणि राख यात गल्लत करू नका. काजळी रीजनरेशनमध्ये जळून जाते, त्यासाठी फिल्टर ६०० डिग्रीच्या आसपास तापवला जातो. राख मात्र कितीही तापवली तरी जळत नाही, एकदा आत गेली की तिथेच. ती साठत गेली की काजळीला जागा कमी, मग रीजन वारंवार, आणि शेवटी फिल्टर उतरवून साफ करा नाहीतर नवा घाला.

म्हणून डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, ते एसीईए या युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या दर्जांमध्ये सी गटात येतं. सी३ मध्ये सल्फेटेड अ‍ॅश (जळून उरणारी राख) जास्तीत जास्त ०.८ टक्के. तुमचं ए३/बी४ आहे, त्यात ती दीड टक्क्यापर्यंत सहज जाते, म्हणजे जवळपास दुप्पट. त्या एसएन/सीएफमधला सीएफ तर एपीआय या अमेरिकी संस्थेचा १९९४ चा डिझेल दर्जा आहे, केव्हाच बाद झालाय. ऑइल वाईट नाही, तुमच्या गाडीचं नाही.

निवांत:
माझ्या डिझेलमध्ये ए३/बी४ च जातं, आजवर काही झालेलं नाही.

तेजू_गिअर:
तुमच्या गाडीला डीपीएफ आहे?

निवांत:
नाही. जुनं मॉडेल आहे.

तेजू_गिअर:
मग तुमच्यासाठी ते बरोबरच आहे. त्याच्यासाठी नाही.

हवा_हवाई:
ऑइल बदलताय तर ब्रेक ऑइल पण बघून घ्या, ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो, लोक वर्षानुवर्षं बदलत नाहीत. दोन वर्षांनी बदलायलाच पाहिजे.

पाना_पक्कड:
बरोबर आहे पण त्याने ते विचारलेलं नाही हो, आधी त्याची गाडी रॅम्पवरून खाली येऊ दे.

मोटुलप्रेमी, तुमच्याशी भांडण नाही, ऑइल चांगलंच आहे. पण त्याच कंपनीच्या ८१०० मालिकेत एक्स-सेस ५डब्ल्यू-४० हे ए३/बी४ आहे आणि एक्स-क्लीन ५डब्ल्यू-४० हे सी३. ब्रँड तोच, आकडा तोच, फुल सिंथेटिकही दोन्ही. नुसतं नाव सांगून माणूस दुकानात गेला तर कुठलाही कॅन हातात पडेल.

मोटुलप्रेमी:
मान्य. मी एक्स-क्लीनच म्हणत होतो.

रिकामी_टाकी:
थांबा, म्हणजे ५डब्ल्यू-४० नाही? का ए३/बी४ नाही? एकदाच काय ते सांगा. आणि आत्तापुरतं हेच टाकून पुढच्या महिन्यात बदललं तर?

तेजू_गिअर:
ए३/बी४ नाही. ४० चालेल का ते मॅन्युअल सांगेल. मॅन्युअल बघितलंत का?

रिकामी_टाकी:
गाडी सेकंडहँड घेतलीये, मॅन्युअल मिळालंच नाही.

डिपस्टिक:
कंपनीच्या साइटवर मॉडेल आणि साल टाकून पीडीएफ मिळतं, फोनवरच उघडा. "लुब्रिकंट" किंवा "तांत्रिक माहिती" असलेलं पान बघा. फिल्टर धरून किती लिटर बसतं तेही तिथेच असतं.

निवांत:
एका महिन्यात डीपीएफ काही चोक होत नाही हां, उगाच घाबरवू नका त्याला.

पाना_पक्कड:
हे मात्र निवांतभाऊंचं खरं आहे. राख हळूहळू साठते, एका कॅनने फिल्टर मरत नाही. रस्त्यात कुठे लेव्हल खाली गेली आणि हाच कॅन मिळाला तर अर्धा लिटर मीही टाकला असता, कोरडं इंजिन त्याहून कितीतरी वाईट. पण तुम्ही रस्त्यात नाही आहात आणि कॅन अजून सीलबंद आहे, तो बदलून मिळेल. पूर्ण टाकी चुकीची भरून महिन्याने पुन्हा सगळं काढायचं याला काय अर्थ आहे?

आता फिल्टर. नुसते आटे जुळून भागत नाही. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो, कागद तुंबला किंवा ऑइल थंडीने घट्ट झालं की तो उघडतो म्हणजे इंजिन कोरडं पडत नाही. तो किती दाबाला उघडणार हे प्रत्येक इंजिनाप्रमाणे ठरतं. कमी दाबाचा लागला तर नेहमीच्या चालीतही न गाळलेलं ऑइल फिरत राहतं. दुसरा अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह, फिल्टरच्या तोंडाशी आतून रबराची चकती दिसते ती. गाडी बंद झाली की फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून. ती बरोबर नसेल तर सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड. तिसरं गॅस्केटचा, म्हणजे तोंडावरच्या रबराच्या रिंगचा व्यास, तो इंजिनाच्या बैठकीवर पूर्ण बसला पाहिजे. बुटका आहे म्हणजे चूकच असं नाही, कंपन्या मधे लांबी बदलतात, पण पार्ट नंबर तुमच्या इंजिनच्या यादीत आहे का ते बघितल्याशिवाय लावू नका. मान, माहले, बॉश या सगळ्या फिल्टर कंपन्यांच्या साइटवर गाडी टाकून नंबर बघता येतो.

आणि जुना फिल्टर हातात घ्या. त्याचं रबर त्याच्यावरच आहे ना?

रिकामी_टाकी:
जुन्या फिल्टरवर रबर नाहीये. नुसती खाच दिसतेय.

पाना_पक्कड:
मग ते इंजिनला चिकटलंय. टॉर्च लावून बैठकीवर बोट फिरवा.

रिकामी_टाकी:
होय, आहे! काळी चपटी रिंग, बैठकीच्या रंगात इतकी मिसळली होती की दिसतच नव्हती, नखाने उचकटून काढली. कडक होऊन गेलीये, वाकवली तर तडकते. ही राहिली असती तर?

पाना_पक्कड:
त्यावर नवीन फिल्टर बसतो, हाताला घट्टही लागतो, पण गाडी सुरू झाली आणि दाब आला की दोन रबरांमधून ऑइल बाहेर. काही मिनिटांत संप, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, रिकामा होतो. बैठक कापडाने कोरडी पुसून घ्या.

रात्रपाळी:
एक विचारतो. तुमचं रनिंग सगळं जवळचंच आहे का? आणि ऑइल काढायच्या आधी डिपस्टिकवर लेव्हल किती होती?

रिकामी_टाकी:
रोज जवळच, दहा-पंधरा मिनिटांत पोचतो. लेव्हल मॅक्सच्या बरीच वर होती, आधीच्या मेकॅनिकने जास्त भरलं असेल. हे आता कशाला?

रात्रपाळी:
जास्त भरलं नसावं. गाडी घेतल्यावर कधी लेव्हल बघितली होती? तेव्हा बरोबर असेल आणि नंतर वर चढली असेल तर ते डिझेल आहे. बऱ्याच गाड्यांत रीजनच्या वेळी सिलिंडरमध्येच उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात, एग्झॉस्ट तापवायला. त्यातलं थोडं भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. रीजन पूर्ण झालं तर ठीक, पण तुम्ही दहा मिनिटांत पोचून गाडी बंद करता, रीजन अर्धवट, पुढच्या वेळी पुन्हा सुरू, पुन्हा डिझेल. लेव्हल वर चढते आणि ऑइल पातळ होतं, बेअरिंगवरचा थर टिकत नाही. काढलेल्या ऑइलचा वास घेऊन बघा.

रिकामी_टाकी:
डिझेलचा वास येतोय, चांगलाच. ट्रेमध्ये पाण्यासारखं पसरलंय.

निवांत:
बघा, म्हणूनच म्हणतो जाड टाका. पातळ झालं तरी ४० चं ३० होईल.

रात्रपाळी:
त्यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. पण मूळ दुखणं तसंच राहतं. दिवा लागला की गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एका वेगात चालवा, रीजन पूर्ण होऊ दे. आणि एवढ्या कमी रनिंगला किलोमीटर मोजत बसू नका, मॅन्युअलमध्ये कठीण वापराचं वेगळं वेळापत्रक असतं, ते धरा. डिपस्टिक मात्र दर पंधरवड्याला बघा. वर चढतेय म्हणजे खुश व्हायचं कारण नाही.

चकाचक:
इंजिन फ्लश टाका ना आधी! सगळी घाण निघून जाते.

डिपस्टिक:
ऑइल काढून झालंय त्याचं. रिकाम्या इंजिनात फ्लश टाकून चालू करायला सांगताय का?

चकाचक:
पुढच्या वेळसाठी सांगतोय. मी दरवेळी टाकतो.

पाना_पक्कड:
वेळेवर ऑइल बदलणाऱ्याला फ्लशची गरज नाही. आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या इंजिनात टाकलात तर सुटलेला गाळ ऑइल ओढणाऱ्या पिकअपच्या जाळीत जाऊन बसायची भीती. डिझेलमध्ये ऑइल भरल्यावर लगेच काळं होतं, ती काजळी आहे, तिला बघून फ्लश विकत घेऊ नका.

सोनू_पेट्रोल:
माझी पेट्रोल आहे, ०डब्ल्यू-१६ लिहिलंय, ०डब्ल्यू-२० टाकलं तर चालेल का?

तेजू_गिअर:
सोनू, मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६ च्या खालची ओळ वाच, १६ मिळालं नाही तर २० टाका अशी सूट काही गाड्यांत दिलेली असते. नसेल तर १६ च, एपीआय एसपी. इलसॅक जीएफ-६बी हा पेट्रोल इंजिनच्या ऑइलचा दर्जा खास ०डब्ल्यू-१६ साठीच आहे. बाकी वेगळा धागा काढ, इथे गोंधळ होईल.

रिकामी_टाकी:
पीडीएफ मिळालं. एसीईए सी३, ५डब्ल्यू-३०, आणि तापमानाच्या तक्त्यात ५डब्ल्यू-४० पण आहे, पण तेही सी३ च. फिल्टरसकट साडेचार लिटर. फिल्टरचा नंबर यादीत नाही, आमच्या इंजिनसाठी लांबवालाच दाखवतोय. भावाला पाठवलंय, कॅन बदलून सी३ चा ५डब्ल्यू-३० आणि तो फिल्टर आणतोय. लावताना काय बघू?

पाना_पक्कड:
नवीन रबरावर बोटाने स्वच्छ ऑइल लावा. हाताने फिरवा, रबर टेकलं की तिथून पाऊण फेरा, फिल्टरवर वेगळं काही छापलं असेल तर ते धरा. पान्याने आवळू नका, पुढच्या वेळी निघणार नाही. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घातलाय ना? नसेल तर आत्ताच घाला, संप रिकामा आहे तोवर. चार लिटर ओता, सुरू करा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत रेस देऊ नका. मग बंद करून सपाट जागेवर दहा मिनिटं थांबा आणि उरलेलं थोडंथोडं टाकत डिपस्टिक बघा. मॅक्सच्या वर नको, क्रँक ऑइल घुसळतो आणि फेस होतो.

रिकामी_टाकी:
झालं सगळं. वॉशर जुनाच होता, भावाने येताना नवा आणला. दिवा तीन-चार सेकंदांत विझला, खडखड नाही, फिल्टरच्या कडेने बोट फिरवलं तर कोरडं. लेव्हल मॅक्सच्या किंचित खाली. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलंय. निघतो आता, येताना मोकळ्या रस्त्याने येतो म्हणजे रीजन पण होईल. सगळ्यांचे आभार, निवांतकाका तुमचे पण.

पाना_पक्कड:
छान. आज रात्री फिल्टर आणि ड्रेन बोल्टच्या खाली एक कोरा पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी डाग आहे का बघा. एक थेंब जरी असला तरी इथे लिहा.