मदत हवी आहे: 'आलिएनोर' हे नाव आलं कुठून? (तातडीचं)

कोरा_कागद: लेख आज रात्री संपादकांकडे जायचाय आणि मी एकाच वाक्यावर अडकलेय. आलिएनोर नावाचा उगम काय? नावांच्या दर साइटवर वेगळाच अर्थ दिलाय. खात्रीने माहीत असेल त्यांनीच सांगा, प्लीज.

आजोळ: मुलगी झाली का? अभिनंदन! बारसं कधी? रास सांगा. 'अ'वरून अनघा, अन्विता अशी छान नावं आहेत की.

कोरा_कागद: बारसं नाही हो, राणीवरचा लेख आहे.

चौकस: कुठली राणी? इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डची बायकोही एलिनॉरच, म्हणजे आलिएनोरचंच इंग्रजी रूप. 1290 साली ती वारली तेव्हा शवयात्रेच्या मुक्कामांवर राजाने 12 क्रूस उभारले. तीन अजून उभे आहेत. गेडिंग्टनचा जरूर बघा, तीन बाजूंचा आहे, वरपर्यंत नक्षी.

कोरा_कागद: फ्रान्समधल्या अक्वितेनची! 1137 मध्ये फ्रान्सच्या सातव्या लुईशी लग्न, 1152 मध्ये ते रद्द, मग इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीशी. क्रूस नकोत, नावाचं सांगा.

पानगळ: तिच्या आईचं नाव आएनोर. लेक म्हणून 'आलिया आएनोर', लॅटिनमध्ये 'दुसरी आएनोर'. परंपरेने हेच सांगतात. साइटवाले हेलनशी जोडतात ते सोडून द्या.

सांजवेळ: अरबी 'नूर' का नसेल? स्पेन शेजारीच होता. मी तर 'प्रकाश' असाच अर्थ वाचलाय.

पानगळ: 'नोर' आईच्याच नावात आहे, आणि आई पोइतिएजवळच्या शातेलरोची. अरबीपर्यंत जायची गरज काय?

चौकस: 'दुसरी आएनोर' ऐकायला गोड आहे, पण पुरावा नाही. वंशावळींत नॉर्मंडीच्या दुसऱ्या रिचर्डच्या मुलीलाही एलिनॉर म्हटलंय. ती शंभर वर्षं आधीची.

पानगळ: त्या वंशावळी कधीच्या? तिच्या हयातीतला कागद दाखवा, मग बोलू.

दर्यावर्दी: आमच्या गोव्यात लियोनोर नावाच्या बायका आहेत. पोर्तुगीजांबरोबर आलं. 1498 मध्ये लिस्बनला मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था काढली ती राणीही दोना लियोनोर. वाट बहुधा स्पेनमधल्या कास्तीलवरून: आलिएनोरची मुलगी तिथल्या राजाला, आठव्या आल्फोन्सोला दिली होती, तिथे ती 'लेओनोर' झाली. लेखात गोवा घालाच.

कोरा_कागद: गोवा घालते, आभार! 'परंपरेने सांगतात' असं लिहून 'दुसरी आएनोर' ठेवते. पण संपादक लगेच विचारतील, मग आएनोर म्हणजे काय? कुणी आहे का अजून जागं?

आजोळ: मी आहे. लेख कुठल्या अंकात येतोय?