चिकन खिम्यात निळ्या प्लास्टिकचा तुकडा निघाला, मेटल डिटेक्टरवरही भरवसा उरला नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या एका छोट्या चिकन युनिटमध्ये मी क्वालिटी बघते. आमचा गोठवलेला खिमा हॉटेलांना जातो. मंगळवारी एका आचाऱ्याला खिमा परतताना कडक निळं प्लास्टिक सापडलं, करंगळीच्या नखाएवढं, साधारण १० बाय ८ मिमी. ताटात जायच्या आत दिसलं म्हणून निभावलं. अमेरिकेच्या एफडीएच्या मार्गदर्शनात ७ ते २५ मिमी लांबीची कडक किंवा टोकदार वस्तू इजा करणारी धरली आहे. हा तुकडा नेमका त्यात बसतो. तेव्हापासून मला झोप नाही.

रंग आमच्या क्रेटचा आहे. त्या बॅचचा गोदामातला माल अडवून ठेवलाय.

शोधाशोध करताना दुसरंच उघड झालं. ताजा खिमा डिटेक्टरमधून सारखा रिजेक्ट होतो म्हणून रात्रपाळीत कुणीतरी सेन्सिटिव्हिटी उतरवली होती. मी टेस्ट पीस (तपासणीसाठीचे ठरावीक मापाचे धातूचे नमुने) घातले तर २ मिमीचा लोखंडी पकडला आणि ३.५ मिमीचा स्टेनलेसचा सरळ निघून गेला. आमच्या सुऱ्या आणि जाळीचे हातमोजे स्टेनलेसचेच!

मालक कर्ज काढून एक्स-रे मशीन घ्यायला तयार आहेत. त्यात प्लास्टिक दिसेल का? आणि डिटेक्टरचे खोटे रिजेक्ट कसे थांबवायचे?

प्रतिसाद १

ताई, क्रेटच्या प्लास्टिकसाठी एक्स-रे घेऊ नका. तो घनतेतला फरक बघतो. धातू, काच, दगड, पक्कं हाड दिसेल. पण क्रेटच्या प्लास्टिकची घनता मांसाच्या जवळपास असते, त्यामुळे ते लपून जातं. कोवळ्या ब्रॉयलरचं बारीक हाडही कधीकधी सुटतं.

खोट्या रिजेक्टचं कारण म्हणजे ओलं, मिठाचा अंश असलेलं मांस स्वतःच वीज वाहतं. पूर्ण गोठल्यावर तो त्रास बराच कमी होतो. म्हणून डिटेक्टर फ्रीझरनंतर ठेवा आणि त्याच गोठलेल्या मालावर सेट करा. अर्धवट वितळलेला माल आला की पुन्हा ओरडेल. टेस्ट पीस डिटेक्टरच्या तोंडाच्या मधोमध जाऊ द्या, तिथेच पकड सगळ्यात कमी असते. सेटिंगला पासवर्ड टाका. टेस्ट फसली तर आधीच्या पास झालेल्या टेस्टनंतरचा सगळा माल थांबवून पुन्हा डिटेक्टरमधून घालायचा, एकही पाकीट सोडायचं नाही.

प्रतिसाद २

खिमा मशीनची जाळी किती मिमीची?

धागाकर्ती

५ मिमी.

प्रतिसाद २

मग ८ मिमी रुंदीचा तुकडा त्यातून अखंड येणार नाही. तो मशीननंतर पडलाय. मशीन ते पॅकिंग, एवढ्यातच शोधा.

धागाकर्ती

दादा, तुमच्या त्या एका प्रश्नाने वाट सापडली. मी तीन दिवस कोंबडी कापायच्या बाजूचे क्रेट तपासत बसले होते. मशीनखाली खिमा क्रेटमध्ये घेतात आणि पॅकिंगला स्टीलच्या फावड्याने खरवडून काढतात. फावडं रोज काठावर आपटतं. त्या बाजूच्या २२ क्रेटपैकी ९ क्रेटचे काठ चिरलेत. एकाच्या खाचेत तो तुकडा तंतोतंत बसला.

पण खाच ३ सेंमीची आहे. उरलेले २ सेंमी कुठे गेले? त्या दिवशीचा माल गेलेल्या चारही हॉटेलांना फोन केलेत, पाकिटं परत मागवलीत. चिरलेले क्रेट लाइनवरून काढलेत. आलेला माल वितळवून ट्रेवर पातळ पसरून हाताने बघू का? मालक म्हणतात, तुकडा मिळाला तर बाकीचा माल वाचेल.

प्रतिसाद १

नष्ट करा ताई. २ सेंमीचा एकच तुकडा असेल असं धरून चालू नका, त्याचे चार झालेले असू शकतात. वितळलेला माल पुन्हा गोठवून विकणंही बरोबर नाही. किती किलो नष्ट केला ते तारखेसह लिहून ठेवा. आणि मशीनखाली उद्यापासून स्टीलचे टब लावा, क्रेट पॅकिंग रूमच्या दारातच थांबू देत.