शब्दचर्चा: जिरेटोप, बख्तर, पाखर – चित्रकाराला नेमकं काय लिहून द्यायचं?

बोरू
एका कल्पनारम्य खेळासाठी चिलखती घोडेस्वारांची व्यक्तिचित्रं करून घ्यायची आहेत. राज्य काल्पनिक आहे, पण पोशाख आणि हत्यारं १६व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दख्खनी सल्तनतींची हवीत, म्हणजे तालिकोटच्या लढाईच्या (१५६५) मागचीपुढची. चित्रकारांसाठीचं टिपण मराठीत आहे. त्यात 'डोक्यावर जिरेटोप' लिहिलं होतं, तर रेखाटनांत मोत्यांच्या लडींचा कापडी टोप आला. 'हाताला बाजूबंद' लिहिलं, तर दंडावरचा दागिना आला. लोखंडी टोप, त्याच्या कडेने मानेवर रुळणारी कड्यांची जाळी आणि मनगटापासून कोपरापर्यंतचं पोलादी आवरण, या तिघांना मराठीत काय म्हणावं?

मोडीवाली
जिरेटोप हाच शब्द योग्य आहे, तो सोडू नका. फारसीत 'जिरह' म्हणजे कड्यांचं चिलखत, त्यावरून जिरेटोप. म्हणजे तुम्ही वर्णन केलेली वस्तूच. कापडी टोपाला हे नाव नंतर चिकटलं. १७व्या शतकाच्या अखेरीस डचांनी नेलेल्या शिवाजी महाराजांच्या चित्रांत डोक्यावर पागोटं आहे, टोप नाही. अफझलखानाच्या भेटीच्या (१६५९) वर्णनांत मात्र अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली टोप येतो, तो लोखंडी. चित्रकाराला शब्दाचा खरा अर्थ शिकवा.

पोलादी
टिपण शब्दकोशासाठी नाही, चित्रासाठी आहे. आज मराठी माणसाला जिरेटोप म्हटलं की मिरवणुकीतला टोपच दिसतो. व्युत्पत्ती कितीही बरोबर असली तरी चित्र चुकीचंच येणार. त्यापेक्षा भाग सुटे करून लिहा:

वाटी: पोलादी, माथ्याकडे निमुळती. टोकाला छोटा खिळा किंवा भाल्यासारखं पातं.
नाकपट्टी: कपाळावरच्या खोबणीतून वरखाली सरकणारी, स्क्रूने घट्ट होणारी. लढाईत खाली, एरवी वर. व्यक्तिचित्रात चेहरा दिसायला हवा, म्हणून वर ओढलेली काढा, पण खोबण आणि स्क्रू विसरू नका. ते नसले तर पट्टी कपाळाला चिकटवल्यासारखी दिसते.
तुऱ्याच्या नळ्या: नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना.
झालर: वाटीच्या काठावरच्या भोकांत ओवलेली कड्यांची जाळी. डोळ्यांपुढे आखूड, कानांवरून खांद्यापर्यंत लांब, खालची कड त्रिकोणी टोकांची.

आणि हाताच्या आवरणाला 'दस्ताना' लिहा. हत्यारांवरच्या पुस्तकांत 'बाजूबंद' असतं हे खरं, पण मराठीत तो दागिनाच. दस्ताना मनगटाशी अरुंद, कोपराशी रुंद आणि कोपराच्या थोडा मागे जाणारा. आतल्या बाजूची पट्टी बिजागरीवर उघडते. बिजागरी दाखवली नाही तर हात आत घातला कसा, हा प्रश्न उरतो.

नागझरी
फारसी शब्दांवरून इतकी ओढाताण कशासाठी? अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, तनुत्र, वर्म, दंशन, उरश्छद, कंकटक, जगर, कवच अशी अख्खी ओळ आहे. डोक्यासाठी शिरस्त्र आहेच. खुद्द महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात शस्त्रवर्ग आहे. शिरस्त्राण, कवच, भुजत्राण लिहा. मराठी वाचकाला कळतं.

पोलादी
कळतं, पण दिसत नाही. शिरस्त्राण म्हणजे डोक्याचं कुठलंही संरक्षण. त्यात रोमन शिपाई आला, स्कूटरवाला आला. कवच म्हटलं की कर्ण आठवतो आणि छातीवर सोन्याचा एकसंध पत्रा येतो. दख्खनी स्वाराच्या अंगावर एकसंध पत्रा नसतो, हाच तर मुद्दा आहे.

खडू
नेमकं इथेच बिघडतं. कल्पनारम्य खेळ म्हटलं की चित्रकार १५व्या शतकातलं मिलानी किंवा जर्मन चिलखत समोर ठेवतो. ते चिलखत मुळात वेगळ्या कामाचं आहे. पायापासून डोक्यापर्यंत पत्रा, एकूण साधारण २० ते २५ किलो, उजव्या छातीवर भाला टेकवायचा आकडा, आणि भाला बगलेत धरायचा म्हणून उजव्या खांद्याचा पत्रा कापलेला, डावा मोठा. आपला स्वार धनुष्य ओढतो, घोड्यावरून मागे वळून बाण मारतो, तलवार डोक्यावरून फिरवतो. त्याला खांदा मोकळा हवा, म्हणून खांद्यावर आणि बाहीला फक्त कड्या, आणि पत्रे छाती, पाठ, बरगड्यांवर. त्याच्या खांद्यावर वाटीसारखे मोठे पत्रे चढवले की चित्र लगेच खोटं वाटतं, मग वर कितीही दख्खनी नक्षी काढा.

कड्यांचं काम रंगवताना बहुतेक जण कड्यांच्या ठशाचा ब्रश सरळ फिरवतात. जाळी सपाट छापल्यासारखी दिसते आणि आतला माणूस नाहीसा होतो. आधी कड्या विसरा आणि वजन काढा. कड्यांचा अंगरखा ८ ते १२ किलोचा, ओल्या घोंगडीसारखा लोंबतो. खांद्यावर ताणलेला, कमरपट्ट्याच्या वर फुगून पट्ट्यावर कललेला, काखेत जाड गोल वळ्या. कापडासारख्या धारदार चुण्या कधीच पडत नाहीत. गडद करडा पाया, त्यावर छाया, आणि कड्या फक्त उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात मोजक्या सुट्या दाखवायच्या. एक कडी शेजारच्या चारांत अडकते, आणि एका ओळीचा कल डावा तर पुढच्या ओळीचा उजवा. एवढं पाळलं की बाकी डोळा भरून घेतो. हिंदुस्थानी जाळीत बहुधा एक ओळ रिवेट मारलेल्या कड्यांची, पुढची अखंड कड्यांची असते. अगदी जवळच्या चित्रात हा फरक जरूर दाखवा. मधूनमधून पितळी कड्या घालून गंगाजमनी नक्षी केली तर सरदार आणि साधा शिलेदार वेगळे काढता येतात.

बोरू
उत्तम. मग पत्रा आणि कड्या एकत्र असलेल्या अंगरख्याला चिलखत म्हणू की बख्तर?

मोडीवाली
जिरह-बख्तर. जिरह कड्यांचं, बख्तर पत्र्याचं. जोडून म्हटलं की दोन्ही आलं. चिलखत हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द. फारसीत 'चिहिल' म्हणजे चाळीस, त्यावरून तो आधी चाळीस पदरी कापडी अंगरख्याचा असणार असं मला वाटतं.

नागझरी
पदर म्हणजे 'तह'. 'चिहिलतह' वरून 'चिलता' निघेल, 'चिलखत' मधला ख कुठून आणणार?

मोडीवाली
अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरी या ग्रंथातल्या शस्त्रांच्या यादीत 'चिहिलकद' आहे. कद चं खत व्हायला किती वेळ लागतो?

पोलादी
कापडी अंगरखा आलाच आहे तर: चित्रात तो हवाच. जाळीखाली भरीव शिवलेला अंगरखा नसेल तर कड्या कातडीत रुततात, आणि वार कापला नाही तरी हाड मोडतो. म्हणून स्वाराची छाती आणि दंड उघड्या अंगापेक्षा जाड काढा. गळ्याशी आणि बाहीच्या टोकाशी त्या अंगरख्याची कड दिसू द्या. मखमलीवर पितळी खिळे मारलेला 'चिलता हजार माशा' वेगळा, तो वरून घालायचा.

आणखी एक. चारआईना, म्हणजे जाळीवरून बांधायचं पत्र्यांचं चिलखत, काढायचा तर चार सुटे पत्रे काढा: छाती, पाठ आणि दोन बगलांचे. बगलेच्या पत्र्याची वरची कड काखेसाठी खोलगट कापलेली, नाहीतर हात खाली येणार नाही. पत्रे एकमेकांना टेकत नाहीत. पट्ट्यांनी बांधलेले असतात आणि मधल्या फटीतून जाळी दिसते.

खडू
पण हाती असलेले चारआईने बहुतेक १७व्या शतकातले आणि पुढचे आहेत. १५६५ साठी जिरह-बख्तर जास्त सुरक्षित: पुढे उघडणारा अंगरखा, छातीपोटावर मोठे पत्रे आणि त्यांना कड्या, पाठीला लहान पत्र्यांच्या ओळी. कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावरची सोन्याची नक्षी, रंगवताना सोनं उठावाचं दाखवू नका. पोलादावर बारीक आडवेउभे चरे पाडून त्यात सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. पृष्ठभाग जवळजवळ सपाटच राहतो, फक्त रंग बदलतो. जाड चकाकती कड दिली की ते प्लास्टिक वाटतं.

नागझरी
आणि घोडा? त्याच्या चिलखतासाठी तरी 'पाखर' हा आपला शब्द आहे. संस्कृत प्रक्षर. मायेची पाखर तीच.

मोडीवाली
नाही हो! मायेची पाखर म्हणजे पंख. पक्षी, पाखरू, पाखर. घोड्याची पाखर वेगळी. उच्चार सारखा, कूळ वेगळं.

नागझरी
दोन्हींत झाकणं आणि जपणं आहे. इतका योगायोग मला पटत नाही.

खडू
छातीपर्यंतच्या चित्रात पाखरीतलं डोकं आणि मान एवढंच येतं, कश्का आणि गर्दनी. कश्का कपाळापासून नाकपुड्यांच्या वरपर्यंतच. त्याने नाकपुड्या झाकल्या तर धावणारा घोडा श्वास कसा घेणार? कानांना मोकळी जागा, लगामाचा पट्टा कुठून जातो ते स्पष्ट. आणि घोडा अवजड काढू नका. अरबी घोडा खांद्याशी १४२ ते १५२ सेंटीमीटर, त्यामुळे स्वार घोड्याच्या मानाने मोठा दिसतो. चित्रकारांना हे चुकीचं वाटतं आणि ते घोडा फुगवतात.

मोडीवाली
नागझरी, जुन्या काव्यात 'पाखरलेले घोडे' येतात ते लोखंडाने मढवलेले. तिथे पंख बसवून वाचून दाखवा, मग बोलू.

नागझरी
बसवतो. मढवणं आणि पंखाखाली घेणं यांत तुम्ही म्हणता तेवढं अंतर नाही.