पीआयडी फाइल वाचून किल मारलं आणि भलतीच प्रोसेस गेली

रात्रपाळी२७: मंडळी, डोक्याला शॉट झालाय. आमच्या एका जुन्या लिनक्स सर्व्हरवर रीस्टार्टची स्क्रिप्ट आहे, रूटने चालते, फाइलमधला पीआयडी (चालू प्रोग्रामचा, म्हणजे प्रोसेसचा नंबर) वाचते आणि सरळ किल मारते (ती प्रोसेस बंद करते), बाकी काही बघत नाही. काल रात्री सर्व्हिस आधीच क्रॅश होऊन पडली होती, फाइल मात्र तशीच, आत ४१८७. स्क्रिप्टने ४१८७ ला उडवलं आणि तो निघाला चालू बॅकअप!! तीन तास पाण्यात. मला वाटायचं नंबर पुढे पुढेच जातात, मग जुना नंबर दुसऱ्याला मिळाला कसा?

टर्मिनलवाला: पुढेच जातात रे, पण गोल फिरून. कर्नल (लिनक्सचा गाभा) शेवटी दिलेल्या नंबरच्या पुढचा मोकळा नंबर देतो, पीआयडी_मॅक्सला (नंबरांच्या कमाल मर्यादेला) टेकला की मागे येतो आणि तेही १ वर नाही, ३०० पासून. जुना डिफॉल्ट ३२७६८. आता शेल स्क्रिप्टमधला ग्रेप, सेडसारखी एकेक कमांड नवीन नंबर खाते, सेकंदाला १० प्रोसेस धर, तासाच्या आत फेरी पूर्ण. थ्रेडसुद्धा (एका प्रोसेसमधले समांतर चालणारे भाग) त्याच हिशोबातून नंबर घेतात, त्यामुळे ढीगभर थ्रेड काढणारं जावा चालू असेल तर बघायलाच नको. एसटीच्या सीटसारखं आहे, उतारू उतरला की सीट दुसऱ्याची, तुझ्या चिठ्ठीवर १४ लिहिलेलं असून काय उपयोग.

रात्रपाळी२७: बघितलं, ३२७६८ च आहे. जावा पण आहे 😅 वाढवला तर सुटेल का? मशीन ६४ बिट आहे, कर्नल ४.४.

टर्मिनलवाला: ४१९४३०४ पर्यंत जाईल. नवीन सिस्टमडी (सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) तर स्वतःच तेवढा करून ठेवतं.

फोर्कवाली: वाढव, पण त्याने फक्त फेरी लांबते, भोक तिथेच राहतं. किल मारायच्या आधी प्रॉकमधल्या (कर्नल प्रोसेसची माहिती दाखवतो ते फोल्डर) त्या नंबरच्या स्टॅट फाइलचा २२ वा आकडा बघ, तो प्रोसेस सुरू झाल्याची वेळ असते, नंबर तोच पण वेळ वेगळी म्हणजे माणूस वेगळा. तरी बघणं आणि मारणं यामधे फट राहतेच. त्यासाठी पीआयडीएफडी (नंबराऐवजी थेट त्या प्रोसेसलाच धरून ठेवणारं हँडल) आलं, पण उघडायचा कॉल कर्नल ५.३ पासून आहे, तुझ्याकडे नाही, आणि असता तरी शिळ्या नंबरावर उघडलास तर तीच गत.

नवशिक्या_सी: मधेच विचारतो, झोंबी प्रोसेसचा नंबर पण लगेच दुसऱ्याला जातो का? ती तर मेलेली असते ना

फोर्कवाली: नाही, तीच तर गंमत आहे. पोरगं (सुरू केलेली प्रोसेस) मेलं तरी आईबाप (सुरू करणारी प्रोसेस) वेट करेपर्यंत, म्हणजे ते मेल्याची नोंद घेईपर्यंत, नंबर कुणाला मिळत नाही. वरच्या एसटीतच बोलायचं तर उतारू उतरलाय पण सीटवर रुमाल आहे. म्हणजे जो पालक आहे त्याने वेटच्या आधी किल मारलं तर चुकीच्या माणसाला लागूच शकत नाही. @रात्रपाळी, म्हणून सर्व्हिस सिस्टमडीच्या युनिटमधे (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) टाक, सर्व्हिस फोरग्राउंडला (स्वतःहून मागे न जाता) चालव, पालक तोच होईल, फाइलची गरजच नाही. आणि कंटेनरमधे (प्रोसेसना वेगळं ठेवणारा कप्पा, आत नंबरही वेगळे) लिहिलेली पीआयडी फाइल बाहेरून वाचू नका कुणी, आत १ असलेला बाहेर भलताच नंबर असतो, आणि बाहेरचा १ म्हणजे खुद्द इनिट (सगळ्यात पहिली प्रोसेस).

रात्रपाळी२७: युनिट लिहिली, चार वेळा रीस्टार्ट करून बघितलं, नीट चाललंय. स्क्रिप्ट अजून क्रॉनमधे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) होती ती आत्ता काढली, बॅकअप परत लावलाय, ६१ टक्के.