लेन्स बदलता येणारा कॅमेरा का घेतलात? गोंयकारांनो, अनुभव सांगा

परवा कपाट आवरताना माझी १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच आलेली) उजेडात धरली, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. सौ. म्हणाली, "खिशातला होता तोच बरा होता की." उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा. सुटसुटीत छोटा कॅमेरा सोडून तुम्ही हे लोढणं गळ्यात का बांधून घेतलंत? मेगापिक्सेलचं पुराण नको, स्वतःचं सांगा. पस्तावला असाल तर तेही.

फोंडा
मी घेतला तो दिवजांच्या जत्रेमुळे. अमावास्येची रात्र, देवळाच्या प्राकारात सुवासिनींच्या हातात दिवल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडेल तेवढाच उजेड. छोट्या कॅमेऱ्याने फ्लॅश मारला की दिवलीचा उजेड मेलाच, आणि फ्लॅश बंद केला की सगळं रवाळ. त्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा तुकडा, जेमतेम ६ गुणिले ४.५ मिलिमीटर. आताच्या माझ्या बॉडीचा (लेन्सशिवायचा कॅमेरा) एपीएस-सी मापाचा, २३.५ गुणिले १५.६, म्हणजे क्षेत्रफळ तेरापट. शिवाय छोट्याचा झूम लांबवला की अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ ५.६ वर जायचं (आकडा मोठा तितकं भोक लहान). ५० मिमी एफ १.८ ची स्वस्तातली लेन्स त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. पहिल्या वर्षी आईचा फोटो काढला. कपाळावरचं कुंकू आणि दिवलीची वात दोन्ही दिसतात. कान धूसर आलेत, पण आईची तक्रार नाही.

चोडण
खंड्या! छोट्या कॅमेऱ्यावर माझ्याकडे रिकाम्या फांद्यांचे भरपूर फोटो आहेत. बटण दाबलं की तो लेन्स मागेपुढे करत फोकस शोधत बसायचा, तोवर पक्षी मासा घेऊन खारफुटीत. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) फोकससाठी वेगळा सेन्सर असतो, लेन्स कुठल्या दिशेला आणि साधारण किती फिरवायची ते त्याला एकदम कळतं. तरी पहिले दोन महिने फांद्याच मिळाल्या, तो दोष माझा.

माशेल
मी उलट्या बाजूचा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चिखलकाला. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात पोरं लोळत असतात, वर पाऊस. भाचा नवी बॉडी घेऊन आला आणि तिथेच उभ्या उभ्या लेन्स बदलायला लागला. मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. माझा पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा मी घरी येऊन नळाखाली धुतला. भाच्याचा सेन्सर साफ करून आला, पण एफ १६ वर आभाळात अजून एक ठिपका दिसतो. त्याला तो घार म्हणतो.

मडगाव
बाबांची निकॉनची जुनी ५० मिमी लेन्स पेटीत पडून होती. त्यांचा फिल्मचा कॅमेरा कधीच बंद पडला. मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी घेतली, एक अ‍ॅडॉप्टर रिंग घेतली आणि लेन्स चालू! निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, १९५९ चा. त्याला सेन्सरपासून ४६.५ मिमी अंतर लागतं, माझ्या सोनीच्या ई माउंटला १८. मधल्या साडेअठ्ठावीस मिलिमीटरांत रिंग बसते. फोकस हाताने करावा लागतो आणि एपीएस-सीवर ५०ची लेन्स ७५ सारखी दिसते, म्हणून घरातल्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून उभी राहते. बाबांनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, सवयीने रिंग फिरवली आणि म्हणाले, "हां, आलं गो." छोटा कॅमेरा बिघडला की लेन्ससकट भंगारात जातो. हे मला तेव्हा कळलं.

म्हापसा
लग्नांची कामं करतो, त्यामुळे मला निवड नव्हतीच. खरं सांगू? मुलीला घेऊन किनाऱ्यावर जाताना बॅग घरीच ठेवतो.

धागाकर्त्यांना: काका, ती लेन्स आधी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. कपाट आणि चामड्याचं पाकीट दोन्ही बाद, आपल्या पावसात चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू दे. जेल ओलं झालं की सुकवून परत वापरा.

धागाकर्ता
डबा मिळाला. सौ.चा पापडांचा होता. पापड आता कपाटात आहेत, तिला अजून कळलेलं नाही.